चेहरा कोण वाकवतं, लेन्स की अंतर?

जुन्या मासिकांच्या धाटणीचे फॅशन पोर्ट्रेट काढायची सध्या बरीच हौस दिसते. कृष्णधवल फोटो, थोडा दाणेदार पोत, आणि कॅमेरा चेहऱ्याच्या इतका जवळ की नाक पुढे येतं, कान मागे पळतात. खाली हमखास एक ओळ असते: ‘वाइड लेन्समुळे आलेलं डिस्टॉर्शन’. ही ओळ चुकीची आहे, आणि मीही ती एकदा लिहिलेली आहे.

एमएस्सीला असताना डिपार्टमेंटच्या भित्तिपत्रकासाठी मी एका मैत्रिणीचे असे ‘रेट्रो’ फोटो काढले. एक २४ मिमी लेन्सने, एक ८५ मिमीने. दोन्हींत चेहरा सारखाच मोठा यावा म्हणून २४ लावल्यावर पुढे सरकलो, ८५ लावल्यावर मागे गेलो. मग दोन्ही फोटो शेजारी लावून ठसक्यात निष्कर्ष लिहिला: लेन्स बदलली की चेहरा बदलतो. एका ज्युनिअरने विचारलं, "दादा, अंतर तेच ठेवलं होतं का?" नव्हतं ठेवलं. दोन व्हेरिएबल एकदम बदलली होती आणि सगळं श्रेय एकालाच दिलं होतं. मैत्रिणीचा प्रश्न त्याहून साधा होता. "माझं नाक खरंच एवढं आहे का रे?"

हिशोब करून पाहू. नाकाचं टोक आणि कान यांच्यात खोलीचं अंतर १२ सेंमी धरा. कॅमेरा नाकापासून ३० सेंमीवर असला तर कान ४२ सेंमीवर. प्रतिमेतला आकार अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून नाक कानाच्या तुलनेत ४२ भागिले ३०, म्हणजे १.४ पट मोठं येणार. ८५ मिमीने चेहरा तेवढाच यायला कॅमेरा सुमारे १०६ सेंमीवर न्यावा लागतो. तिथे हेच गुणोत्तर ११८ भागिले १०६, जेमतेम १.११. या भागाकारात फोकल लेन्थ कुठेच येत नाही. १०६ सेंमीवरूनच २४ ने फोटो काढा आणि मधला तुकडा कापून मोठा करा; चेहरा ८५ सारखाच दिसेल, फक्त बारकावे कमी असतील. लेन्स काय करते? किती भाग दिसणार ते ठरवते, आणि वाइड असली तर आपल्याला जवळ जायला भाग पाडते. चेहरा फ्रेमच्या कडेला गेला की वाइड लेन्सने तो बाहेरच्या बाजूला ताणला जातो, आणि काही लेन्समध्ये सरळ रेघा पिंपासारख्या फुगतात. पण ही कारणं वेगळी आहेत. तिन्हींना एकच शब्द वापरला की वाद घालणंच अशक्य होतं.

हे नुसतं शब्दांचं भांडण नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या डॉक्टरांच्या सहभागाने आलेल्या एका लेखात दाखवलं होतं की सुमारे १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा पाया, ५ फुटांवरच्या फोटोच्या तुलनेत, सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. सेल्फी बघून नाकाची शस्त्रक्रिया मागणारे लोक ही त्यामागची काळजी होती. लक्षात घ्या, तो आकडा गणिती मॉडेलमधून आलेला आहे, शेकडो फोटो मोजून नाही. वाचताना हा फरक सोडू नका.

आता ज्यांची नक्कल चालते त्यांच्याकडे येऊ. बिल ब्रँटने लंडनच्या एका सेकंडहँड दुकानातून जुना लाकडी कोडॅक कॅमेरा घेतला होता. लेन्स अतिशय वाइड, छिद्र बारीक. असे कॅमेरे पोलीस घटनास्थळाच्या नोंदीसाठी वापरत. त्याचं १९५५ चं ईटन प्लेसमधल्या मुलीचं पोर्ट्रेट जरूर शोधून बघा. मुलीचा चेहरा अगदी पुढे, जवळजवळ आपल्या मांडीवर, आणि मागे खोली पसरत पसरत खिडक्यांपर्यंत गेलेली. इथे जवळ जाण्याचा परिणाम नाकावर थांबत नाही. चेहरा आणि खिडकी यांच्यामधली रिकामी जागा हाच फोटोचा विषय होतो. (ब्रँट मला सगळाच पटतो असं नाही. १९६१ च्या ‘पर्स्पेक्टिव्ह ऑफ न्यूड्स’ मधले काही देह गोट्यांसारखे सुंदर होतात आणि माणूस नाहीसा होतो.)

उलट टोकाला विल्यम क्लाइन. १९६० मध्ये ‘व्होग’साठी त्याने रोमच्या पियात्सा दि स्पान्यामध्ये काळ्या-पांढऱ्या पोशाखातल्या मॉडेल्सना झेब्रा क्रॉसिंगवरून चालायला लावलं आणि स्वतः पायऱ्यांवर टेलिफोटो घेऊन उभा राहिला. ‘टेलिफोटोने दृश्य दाबलं’ असं या फोटोबद्दल सर्रास लिहितात. पुन्हा तीच चूक. दाबलं ते अंतराने. समजा कॅमेरा ३० मीटरवर आहे; मॉडेलच्या ३ मीटर मागचा माणूस तिच्या ९१ टक्के उंचीचा दिसेल. कॅमेरा ३ मीटरवर असता तर तोच माणूस निम्मा झाला असता. म्हणून रस्त्याचे पट्टे आणि कपड्यांचे पट्टे एकाच सपाट कागदावर छापल्यासारखे दिसतात. डोळ्यांना सवय नसलेलं हेही दृश्यच आहे, पण याला कुणी डिस्टॉर्शन म्हणत नाही, कारण यात कुणाचं नाक मोठं होत नाही! शिवाय त्याच अंतरामुळे रस्त्यावरच्या लोकांना फोटोग्राफर दिसला नाही आणि ते खरेखुरे वागले. एका निर्णयाने दोन कामं झाली. फॅशनच्या फोटोसाठी मला हे ब्रँटपेक्षाही धाडसाचं वाटतं.

आजच्या बहुतेक ‘विंटेज’ पोर्ट्रेटमध्ये मला खटकतं ते इथेच. मागे कोरी भिंत असते. खोलीचं दुसरं कुठलं मोजमाप चित्रात नसल्यामुळे जवळिकीचा सगळा भार नाकावर पडतो. मग वरून दाणे पेरले जातात. ब्रँटच्या खोलीसारखं किंवा क्लाइनच्या रस्त्यासारखं अंतराला करायला काही कामच ठेवलेलं नसतं. माझ्या भित्तिपत्रकातही भिंतच होती, फिकट पिवळी, मधे एक खिळा.

मजकूर मी बदलला. दोन्ही लेन्स, स्टुलावर एकाच जागी ठेवलेला कॅमेरा, १०६ सेंमी, असे नवे फोटो काढले आणि खाली अंतर आधी, लेन्स नंतर लिहिली. जुना ३० सेंमीचा फोटोही तुलनेसाठी ठेवणार होतो. मैत्रीण म्हणाली, "समजलं सगळं, पण तो तेवढा काढून टाक." काढला.