गोल दिसलं की उल्का?

निघोजचे रांजणखळगे पाहायला गेलं की कुणीतरी विचारतंच, "इथं उल्का पडली होती का हो?" प्रश्नाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती उपग्रहाच्या चित्रात गोल आकार दिसला की 'दुसरं लोणार' जाहीर करणाऱ्या लेखनाला. त्यात आकार हाच पुरावा धरलेला असतो.

आता निघोजला कुकडी नदीने काय केलंय बघा. लाव्हा थंड होताना आकसला आणि बेसॉल्टला तडे गेले. म्हणजे तडे मुळात नदीचे नाहीतच. नदीने ते रुंद केले. पुराच्या भोवऱ्यात दगडगोटे सापडले, गरागरा फिरत राहिले आणि त्यांनी कातळात रांजण कोरले. आतल्या भिंती गुळगुळीत, पण भोवतालचे लाव्हाचे थर जागच्या जागी.

लोणारला उलट आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आणि काठावरचे थर वर उचललेले, बाहेरच्या बाजूला कललेले. नदी खडक झिजवते, असा काठ उचलत नाही. पण एवढ्यानेही भागत नाही, कारण स्फोट ज्वालामुखीचाही असू शकतो. १८२३ मध्ये अलेक्झांडर यांनी या विवराची नोंद केली. पुढे बराच काळ अनेक जाणकार ते ज्वालामुखीचंच मानत होते. ती माणसं अडाणी नव्हती. चहूकडे लाव्हाच होता ना!

चित्र पालटलं ते १९७३ मध्ये. फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी विवराच्या तळाखालून काढलेले खडक तपासले. त्यांत मॅस्केलिनाइट सापडलं, म्हणजे न वितळता, निव्वळ आघाताच्या दाबाने काचेसारखा झालेला फेल्डस्पार. शंकूच्या आकाराचे तडेही मिळाले. अशा तड्यांवर टोकापासून घोड्याच्या शेपटीसारख्या रेषा फाकत जातात. एवढा दाब ना नदीच्या पुरात असतो, ना ज्वालामुखीच्या स्फोटात.

तेव्हा पुढचा 'दुसरं लोणार' हा लेख हाती आला, की फोटोला भुलू नका. खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता का, एवढंच विचारा. नाहीतर उल्केचं बिरुद लावण्याच्या नादात नदीने केलेल्या कामावर आपणच बोळा फिरवतो.