भुताला भूक लागते

हॅलोविनच्या घरगुती पार्टीचा मेन्यू एव्हाना फोन हातात असलेल्या प्रत्येकाला पाठ झाला असेल. लांबट बिस्किटाच्या टोकाला बदाम खोचला की झालं चेटकिणीचं बोट. पिठाच्या पट्ट्यांत गुंडाळलेलं सॉसेज म्हणजे ममी. सोललेल्या लिचीत काळं द्राक्ष बसवलं की बुबुळासकट डोळा, आणि तो तरंगायला बीट-डाळिंबाचा लालभडक रस. आपल्याकडच्या रील्सनी त्यात इडलीची भर घातली: पांढरी इडली, मिऱ्याचे दोन डोळे, भूत तयार. जेवणाआधी खेळ. डोळ्यांवर पट्टी बांधून वाडग्यात हात घालायचा, सोललेली द्राक्षं म्हणजे डोळे, उकडलेल्या नूडल्स म्हणजे आतडी. किंकाळ्या, हशा, फोटो.

यात मेहनत आहे आणि कल्पकताही आहे. तरीही अशी पार्टी बघताना मला नाटकाचा नेपथ्यकार जिंकलेला आणि नाटककार सुट्टीवर गेलेला दिसतो. टेबलावरचं सगळं भुतासारखं दिसतं, पण भुतासाठी काहीच नसतं. पाहुणे भूत खातात. भूत काय खातं, हा प्रश्न कुणाला पडत नाही.

आपल्याकडे मात्र तोच पहिला प्रश्न. गावात वाढलेल्या कुणीही चौकातला उतारा पाहिलेला असतो: पत्रावळीवर भात, वर गुलाल, लिंबू, कधी नारळ. ओलांडू नको, बाजूनं जा, एवढंच आई सांगायची. पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट बघायची. अखजीला पाण्यानं भरलेली घागर मांडायची, ती गेलेल्यांच्या नावानं. या सगळ्यामागे एक साधं गृहीतक असतं. पलीकडचं जे कुणी आहे त्याला भूक आहे, तहान आहे, आणि ती भागवणं आपल्याकडे लागतं. मी हे मानते की नाही, हा इथे मुद्दा नाही. गोष्ट म्हणून बघितलं तर यात एक पात्र आहे आणि त्याला काहीतरी हवं आहे. भयकथेला एवढं भांडवल पुरतं.

मराठी भुतांची नावं नुसती ओळीनं वाचली तरी हे कळतं. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो मुलगा गेला तो मुंजा, राहतो पिंपळावर. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, कुठे तिला अळवंतीण म्हणतात. बुडून मेला तो गिऱ्हा, पाण्याशीच थांबतो. प्रत्येक नावाच्या मागे एक अर्धवट राहिलेलं आयुष्य आहे. ही यादी म्हणजे एका अर्थानं मृत्यूची जुनी नोंदवही. कोण वेळेआधी गेलं, कुणाचं मागणं राहून गेलं, एवढंच नाही तर कुणाची जात काय आणि कुणाचं लग्न झालं होतं की नाही, हेसुद्धा त्यात लिहिलेलं असतं. पार्टीतल्या पांढऱ्या चादरीच्या भुताला असं काही चरित्रच नाही. ते ‘बू’ करतं आणि चार्जिंग शोधायला जातं.

इथे कुणीतरी फॉरवर्ड पाठवणारच: हॅलोविन आपली संस्कृती नाही. हा आक्षेप मला आळशी वाटतो, कारण तो हॅलोविनकडेही नीट बघत नाही. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये हिवाळ्याच्या उंबरठ्यावर येणारा साव्हिन हा सण, आणि त्याला लागून ख्रिस्ती धर्मातले १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा व २ नोव्हेंबरचा सर्व मृतात्म्यांचा दिवस, ही त्याची मुळं. इंग्लंडात या दिवसांत गोरगरीब दारोदार जायचे, घरची माणसं त्यांना छोटे गोड केक द्यायची आणि बदल्यात ते त्या घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करायचे. आयर्लंडात सुकामेवा घातलेल्या गोड पावात अंगठी लपवतात, जिच्या वाट्याला येईल तिचं लग्न ठरणार. दिव्यासाठी आधी सलगम कोरायचे, भोपळा अमेरिकेत गेल्यावर मिळाला. म्हणजे मुळात तिथेही मेलेल्यांच्या नावानं घास निघत होता. तो गळाला आणि चॉकलेट उरलं. आपण उचललं ते हे उरलेलं. उसनं आणल्याबद्दल माझी तक्रार नाही. आणताना सगळ्यात फिकी आवृत्ती आणली, ही तक्रार आहे.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. पहाटे गोव्यात रात्रभर मिरवलेले नरकासुराचे पुतळे जळत होते, कोकणात अंघोळीनंतर पायाच्या अंगठ्याखाली कारीट फुटत होतं. कारीट म्हणजे नरकासुर, तो चिरडायचा आणि त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा. इथे आपणही राक्षस चाखतोच की, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण तो एकच थेंब असतो, आणि दुसऱ्यांदा कुणी वाढून घेत नाही.

खाणं आणि भीती यांचं नातं अलीकडे सगळ्यात नेमकं पकडलं ते राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’नं. चित्रपट हिंदी, २०१८चा, पण त्याची माती मराठी आहे आणि मूळ कल्पना नारायण धारपांच्या एका कथेतून सुचलेली. हस्तर हा देवीचा पहिला मुलगा. त्याला सोनं मिळालं, धान्याला हात घालताना मात्र देवांनी त्याला अडवलं. म्हणून तो कायमचा उपाशी. विनायक खाली उतरतो तो कणकेची बाहुली घेऊन. भोवती पिठाचं रिंगण आखतो, हस्तर बाहुलीवर तुटून पडतो आणि तेवढ्या वेळात विनायक त्याच्या कमरेची नाणी ओढतो. लाल दिवे, ओली भिंत, मेकअप, सगळं उत्तम; पण माझ्या डोक्यात राहिली ती कणीक. स्वयंपाकघरात रोज मळली जाणारी वस्तू एवढी भयानक होते, कारण ती भुकेल्याला दाखवलेलं आमिष आहे. चेटकिणीच्या बोटाच्या बिस्किटात जे नाही ते त्या बाहुलीत आहे. तिथे खाण्याला किंमत मोजावी लागते. (लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नका, हे सांगून ठेवते.)

आता खेळ. पट्टी बांधून वाडग्यात हात घालण्याचा खेळ मला आवडतो, कारण तो आमच्या ओळखीचा आहे. विदर्भ-खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात, आणि शेवटी घरची बाई झाकण लावलेला डबा घेऊन येते. डबा हलवते. आवाजावरून खिरापत ओळखायची. गोड की तिखट? कोरडी की ओली? डबा वाजलाच नाही तर समजायचं, बाई हुशार आहे, शिरा केलाय. न दिसणाऱ्या खाण्याभोवती अंदाज बांधत बसण्याची ही मजा पट्टीच्या खेळापेक्षा सरस आहे असं मी बेधडक म्हणेन. तिथे द्राक्षाला डोळा म्हणायचं हे आधीच ठरलेलं असतं. इथे खरंच कुणाला माहीत नसतं. शिवाय भुलाबाईच्या गाण्यांतली सासरची दुखणी ऐकलीत तर भीती कशाला म्हणतात ते कळेल. तिथे भुताची गरज पडत नाही.

माझं गाव बीबी, बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात. यंदा भाच्यांनी घरी पार्टी ठरवली आणि मेन्यू मला पाठवला. त्यात ‘ब्लड पंच’ होतं. मला हसू आलं. ज्यांच्या तालुक्याच्या गावी आख्खं सरोवर राक्षसाच्या रक्ताचं आहे त्यांनी बीट कशाला किसायचं? लोणारची गोष्ट अशी सांगतात: विवर म्हणजे लवणासुराची गुहा, विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याला मारलं, पाणी म्हणजे त्याचं रक्त आणि त्यातलं मीठ म्हणजे त्याचं विरघळलेलं मांस. जून २०२० मध्ये हे पाणी खरोखरच गुलाबी झालं. कारण होतं खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं. म्हणजे एकाच जागेला उल्कापात, पुराण आणि प्रयोगशाळा, तिन्ही गोष्टी लागू. एवढं असताना ग्लासाला इंग्रजी नाव चिकटवण्यात वाया जातो तो एक चांगला गोष्टीचा प्रसंग. ‘लवणासुराचं सरबत’ म्हणा, चिमूटभर सैंधव घाला, आणि ओतणाऱ्यानं गोष्ट सांगितल्याशिवाय कुणी प्यायचं नाही, असा नियम करा.

त्या मेन्यूत दुसरंही एक होतं आणि तिथे मात्र मला हसू आलं नाही. सगळ्यात धाकटीला चेटकीण करायचं होतं, पांढरी साडी, मोकळे केस. चेटकीण करण्याला माझा सरसकट विरोध नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि नव्या संचात वैभव मांगले यांनी केली, आणि मुलं तिच्यावर जीव टाकतात. पण ती नाटकातली बाई आहे. तिला नाक आहे, चाल आहे, खोड्या आहेत, तिच्यासारखी दिसणारी गल्लीत कुणी राहत नाही. पांढरी साडी नेसलेली, केस सोडलेली एकटी बाई मात्र गल्लीत राहते. कुणाची म्हैस आटली, पोर तापानं फणफणलं की बोट तिच्याकडे जातं. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाल्यानंतर. अमुक व्यक्ती करणी करते असं जाहीर करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. असा कायदा लागतो याचा अर्थ इथे हा वेश अजून पुरता वेश झालेला नाही. न्यू जर्सीतल्या मराठी घरात टोकदार काळी टोपी घातली तर ती फक्त टोपी असते. बीबीत पांढरी साडी नुसती साडी उरत नाही.

म्हणून या पार्टीची एकच अट मी भाच्यांना घातली: ज्या भुताचं नाव एखाद्या जिवंत माणसाला चिकटू शकतं ते घ्यायचं नाही. लवणासुर घ्या, हस्तर घ्या, चकवा घ्या. चकवा तर खेळाला फार सोयीचा, अंधारात वाट चुकवणं एवढंच त्याचं काम. खोटा उतारा करून चौकात ठेवायची एकाला सुचलेली आयडियाही रद्द झाली. शहरातल्या सोसायटीत त्यावर मीम झाली असती. गावात दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं असतं, कुणी ठेवला, आणि उत्तर म्हणून जे नाव पुढे आलं असतं ते आमच्या घरातलं नसतं.

कोहळं मात्र आणा. आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळंच म्हणतात. दुसरा पांढरा कोहळा नव्या घराच्या, दुकानाच्या दारात टांगलेला असतो, नजर लागू नये म्हणून. त्यामुळे दारात फळ लावून बाहेरच्याला बाहेर ठेवायची कल्पना कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. लाल कोहळं कोरा, डोळे-दात काढा, आत पणती ठेवा. कोरताना निघालेला गर टाकू नका. किसून, गूळ आणि कणीक घालून त्याचे बोंडं तळा, झाकणाच्या डब्यात भरा आणि ओळखायला लावा. त्यातलं एक आधीच बाजूला काढून ठेवा. कुणासाठी, ते धाकटी विचारेलच.