बारा गाण्यांचा कोहेन

"तुझा तो कोहेन कोण गं? पाठव त्याचं काही. ऐकून तरी बघतो." इंदूरहून मामा फोनवर सहज बोलून गेले, आणि मीही सहज हो म्हणून बसले. यादी पाच मिनिटांत होईल असं वाटलं होतं. तिला तीन आठवडे लागले.

मामांचं वय 79. कान नाट्यसंगीतावर वाढलेला. देवास जवळच, त्यामुळे कुमार गंधर्वांना समोर बसून ऐकलेले. बँकेत आयुष्य गेलं आणि इंग्रजी वाचन भरपूर, वुडहाउस आणि मॉम तर पाठ. पण इंग्रजी गाणं म्हटलं की चेहऱ्यावर आठी. गेल्या भाद्रपदात मामी गेल्या. तेव्हापासून संध्याकाळचा चहा आणि सातच्या बातम्या यांच्यामध्ये एक तास रिकामा पडतो, असं ते एकदा म्हणाले होते. तो तास माझ्या डोक्यात होता. पेन ड्राइव्ह लावता येणारा छोटा स्पीकर त्यांच्याकडे आहे. तासाभरात बारा गाणी बसतात.

लेनर्ड कोहेनची ओळख बारा गाण्यांत करून द्यायची म्हणजे नेमक्या कोणत्या कोहेनची? 1967च्या डिसेंबरात त्याची पहिली तबकडी आली तेव्हा तो 33 वर्षांचा होता, आणि कॅनडात कवी व कादंबरीकार म्हणून नावाजलेला होता. 'सुझॅन' हे त्याचं पहिलं गाजलेलं गाणं आधी कविता म्हणून 1966च्या संग्रहात छापलं गेलं, आणि ज्यूडी कॉलिन्सने ते त्याच्या आधी रेकॉर्ड केलं. तेव्हाचा त्याचा आवाज कोवळा, नाकातला, थोडा रडका. 1988च्या 'आय अ‍ॅम युअर मॅन'पर्यंत तो तळघरात उतरला. सोबतीला गिटारच्या जागी स्वस्त कीबोर्डचा ठेका आला. 2016च्या ऑक्टोबरात, मृत्यूच्या जेमतेम अडीच आठवडे आधी आलेल्या 'यू वाँट इट डार्कर'मध्ये गाणं जवळपास संपलंय, उरलाय तो श्वास आणि शब्द. एकाच माणसाचे हे तीन आवाज एका यादीत शेजारी ठेवले, तर नवख्या श्रोत्याला तीन माणसं वाटतील.

आपल्याकडे 'निवडक अमुकतमुक' काढायची मोठी परंपरा आहे. त्यांच्या प्रस्तावनांमध्ये संपादक नेहमी सांगतो की त्याने कवीचं सर्वोत्तम निवडलं. मला आता ते खरं वाटत नाही. संपादक वाचक निवडतो, आणि कवी त्या वाचकाच्या मापाने कापतो. मीही तेच करत होते, फक्त माझा वाचक एकच होता आणि मला त्याचा स्वभाव ठाऊक होता.

'हॅलेलुया' मी पहिल्याच दिवशी काढून टाकलं. कारण सांगायला माझ्याकडे सबळ इतिहास होता. 1984ची ती तबकडी कोहेनच्या अमेरिकन कंपनीने तिथे काढायलाच नकार दिला. पुढे जॉन केलने 1991मध्ये कोहेनकडून त्या गाण्याची कित्येक पानं कडवी मागवून घेतली आणि त्यांतून स्वतःचं गाणं बेतलं. जेफ बक्लीने 1994मध्ये केलच्या पावलावर पाऊल ठेवलं, आणि तिथून ते जगभर गेलं. आज ते लग्नात वाजतं, अंत्यविधीत वाजतं, गाण्याच्या स्पर्धांत तर हमखास वाजतं. दावीद राजाचा मोह, शमशोनाचे कापलेले केस, शेजघर आणि देवघर यांची त्यात घातलेली वीण कुणाला ऐकू येत नाही, फक्त वर चढणारी चाल ऐकू येते. म्हणून वगळलं. 'अँथम'ही वगळलं, कारण त्यातल्या एका ओळीचे कॉफीचे मग झालेत. ही कारणं मला तेव्हा टीकाकाराची वाटली. त्यांत थोडा शिष्टपणाही होता.

पहिलं गाणं कोणतं, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. 'सुझॅन' सोपं पडलं असतं, पण मामांना नदीकाठची ती स्वप्नाळू बाई परकी वाटली असती. शेवटी 1971चं 'फेमस ब्लू रेनकोट' वर ठेवलं. ते एक पत्र आहे. डिसेंबर सरत आलाय, न्यूयॉर्कमध्ये थंडी आहे, आणि पहाटेच्या वेळी एकजण अशा मित्राला लिहितोय ज्याच्यामुळे त्याच्या घरात तिसरा माणूस शिरला होता. राग आहे, माफी आहे, आभारही आहेत, आणि यांतलं कोणतं खरं ते पत्र लिहिणाऱ्यालाच नक्की कळत नाही. अखेरीस तो रीतसर सही करतो, आणि ती सही गायकाच्याच नावाची असते. हे ऐकून मराठी माणसाला नामुद्रा आठवणारच. तुकोबांचं नाव अभंगाच्या शेवटी साक्षीदारासारखं उभं राहतं: जे सांगितलं त्याची जबाबदारी माझी. कोहेनचं नाव आलं की उलट होतं. तोवर आपण एक कल्पित पत्र ऐकत असतो. सही पडते आणि तो एकदम कागदपत्र होतो. आपण दुसऱ्याच्या टपालात डोकावलो, असं वाटून ओशाळायला होतं.

मामा काय म्हणणार हेही ठाऊक होतं: "हा गातो कुठे? हा तर बोलतोय." ते खरंच आहे. 2011मध्ये स्पेनमध्ये पुरस्कार घेताना कोहेनने सांगितलं होतं की तरुणपणी माँट्रिऑलच्या बागेत भेटलेल्या एका स्पॅनिश मुलाने त्याला तीन दिवसांत सहा कॉर्ड शिकवल्या. चौथ्या दिवशी तो मुलगा आलाच नाही, त्याने जीव दिला होता. आपली सगळी गाणी त्या सहा कॉर्डवर उभी आहेत, असं कोहेन म्हणाला. ज्यांचा कान तानेवर पोसलाय त्यांना हे दारिद्र्य वाटेल. पण कीर्तनकार पूर्वरंगात अर्धं बोलतो, अर्धं गातो, तेव्हा आपण त्याच्या गळ्याची परीक्षा घेत नाही. शब्द कुठे टेकतोय ते बघतो. म्हणून दुसऱ्या जागी 'हू बाय फायर' घातलं. ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसातल्या प्राचीन प्रार्थनेवर ते बेतलंय. येत्या वर्षी कोण कशाने मरेल याची ती यादी, आणि कोहेनने त्यात आपल्या काळातली मरणं भरली. प्रार्थनेत नसलेला एक प्रश्नही त्याने जोडला: बोलावणारा आहे तरी कोण? हाक आल्यावर "कोण बोलतंय?" असं फोनवर विचारावं, तितक्या कोरड्या सुरात.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी यादी पाहिली आणि चपापले. 'हू बाय फायर', 'इफ इट बी युअर विल', 'यू वाँट इट डार्कर'... हा तर अभंगवाणीचा कार्यक्रम झाला होता. माझ्या नकळत कोहेनला मी संत केलं होतं. कारण उघड होतं: मी भाची, ते मामा. 'चेल्सी होटेल'सारखं गाणं मी त्यांना कसं पाठवणार? जॅनिस जॉप्लिनच्या आठवणीवरचं ते गाणं शय्येबद्दल इतकं उघड बोलतं की तिचं नाव जाहीर केल्याचा पुढे खुद्द कोहेनलाच पश्चात्ताप झाला. पण शृंगार कापला तर कोहेन उरतच नाही. त्याची प्रार्थना आणि वासना एकाच श्वासात येतात. रामजोशींच्या लावण्या आणि त्यांचे आध्यात्मिक छंद एकाच डफावर ऐकणाऱ्या मुलखातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नव्हती. भीड माझी होती, मामांची नव्हे.

माझी खरी अडचण वेगळी आहे, आणि ती वीस वर्षं ऐकूनही सुटलेली नाही. कोहेनच्या गाण्यांतल्या बायका येतात, त्याला काहीतरी देतात आणि दिसेनाशा होतात. दार उघडून देणाऱ्या. त्यांना स्वतःला कुठे जायचं होतं, हे तो क्वचितच विचारतो. जॅनिससारखी जबरदस्त गायिकासुद्धा त्याच्या गाण्यात त्याच्याविषयी शेरा मारण्यापुरती बोलते. हे मला खटकतं. तरी 'चेल्सी होटेल' यादीत घातलं. खटकणारं वगळून केलेली ओळख ही स्थळ दाखवताना केलेल्या ओळखीसारखी असते.

मधली गाणी मग भराभर लागली. 'टेक धिस वॉल्ट्झ' हवंच होतं. लोर्काच्या कवितेचं ते भाषांतर, आणि याच लोर्काचं नाव त्याने मुलीला दिलं. 'डान्स मी टु द एंड ऑफ लव्ह' लोक लग्नात वाजवतात. त्याचं बीज मृत्युछावण्यांत कैद्यांना वाजवायला लावलेल्या तंतुवाद्यांत आहे, असं कोहेनने सांगितलंय. हे कळल्यावर ते लग्नात वाजू नये असं वाटत नाही, फक्त नाचताना पाय जरा जपून पडतात. 'टॉवर ऑफ साँग' हसण्यासाठी घेतलं. पिकलेले केस, दुखणारे सांधे आणि स्वतःच्या बेसूर गळ्याची थट्टा करणारा म्हातारा मामांना आवडेल अशी खात्री होती.

प्रश्न राहिला एकाच गाण्याचा. 'अलेक्झांड्रा लीव्हिंग'.

त्याच्यामागे एक मुंबईची वाट आहे. नव्वदच्या दशकात कोहेन पाचेक वर्षं कॅलिफोर्नियातल्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात राहिला, तिथे भिक्षू झाला. 1999मध्ये मठ सोडला आणि मुंबईला आला, रमेश बाळसेकरांकडे. बाळसेकर हे निसर्गदत्त महाराजांचे शिष्य, त्यांच्या मराठी बोलण्याचा इंग्रजी अनुवाद करणारे, आणि बँकेतल्या मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. केम्प्स कॉर्नरच्या परिसरात राहून कोहेन रोज सकाळी त्यांच्या घरच्या सत्संगाला जायचा. करणारा कुणी नाही, घडतं ते घडतं, हे त्यांचं सांगणं. आयुष्यभराचं नैराश्य याच सुमारास उतरत गेलं, असं कोहेनने पुढे मुलाखतींत सांगितलं. 2001ची तबकडी या सगळ्यानंतरची, आणि हे गाणं तिच्यातलं, शॅरन रॉबिन्सनसोबत केलेलं.

मूळ कविता कवाफीची. अँटनीचा पराभव ठरलाय. मध्यरात्री रस्त्यावरून अदृश्य मिरवणूक वाजत-गाजत चाललीय, त्याचा देव त्याला सोडून जातोय. कवी त्याला सांगतो: भास झाला म्हणू नकोस, खिडकीशी जा, नीट ऐक, आणि हातची निघालेली अलेक्झांड्रिया निरोप देऊन सोड. कोहेनने एक अक्षर गाळलं. नगरीची बाई झाली. ती आता निघालीय, आणि तिला मुळात तू मिळवलं होतंस हे नाकारू नकोस, एवढंच गाणं म्हणतं. सांत्वन नाही. पुन्हा भेटीचं आश्वासन नाही.

बायको जाऊन वर्ष न झालेल्या माणसाला हे पाठवावं का? तीनदा घातलं, तीनदा काढलं. पाठवलं तर भाची शहाणपण शिकवतेय असं व्हायचं. न पाठवावं तर मग बाकी अकरा गाणी कशासाठी? माझ्यापुरतं तेच कोहेनचं सर्वांत मोठं गाणं आहे, कारण त्याच्या सगळ्या गाण्यांत निघून जाणाऱ्या बाईला इथेच फक्त तिचं जाणं पूर्णपणे तिचं म्हणून मिळतं. शेवटी अकराव्या जागी ठेवलं, बाराव्या जागी 'यू वाँट इट डार्कर'. पेन ड्राइव्हसोबत चिठ्ठी लिहिली नाही.

दोन आठवडे काही कळलं नाही. मग फोन.

"बँकवाला गुरू केला होता म्हणे त्याने. बरं केलं." हे त्यांनी कुठून शोधलं कोण जाणे. 'टॉवर ऑफ साँग' ठीक, पण म्हातारपणाचे विनोद म्हाताऱ्यांना सांगू नयेत, असं म्हणाले. 'चेल्सी होटेल'बद्दल अवाक्षर नाही. मग विचारलं, "ते पत्राचं गाणं. त्याने पाठवलं का गं ते पत्र?"

मला उत्तर आलं नाही. वीस वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. नंतर आठवलं, तसा एक रेनकोट खुद्द कोहेनकडेच होता, लंडनमध्ये घेतलेला, हे त्याने लिहून ठेवलंय. गाण्यात तो दुसऱ्याच्या अंगावर आहे. सही करणारा आणि पत्र मिळणारा यांच्यातलं अंतर मी समजत होते तितकं नसावं. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "तेच. असली पत्रं पोस्टात टाकत नाहीत."

'अलेक्झांड्रा'विषयी ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

फोन ठेवता ठेवता म्हणाले, "नातवाच्या शाळेत नाताळात पोरं म्हणायची ते हॅलेलुया, ते याचंच ना? तुझी मामी स्वयंपाक करताना गुणगुणायची. शब्द काही येत नव्हते तिला. ते नाही पाठवलंस?"

तेव्हापासून मी दोन रेकॉर्डिंग आलटून-पालटून ऐकतेय. 1984चं मूळ, ज्यात कीबोर्ड जरा चर्चमधल्या पेटीसारखा वाजतो आणि कोहेन गंभीर आहे. आणि 2008चं लंडनचं, ज्यात 73 वर्षांचा तो गुडघे टेकून गातो आणि मधेच श्रोते ओरडतात. बक्लीचं पाठवणार नाही, एवढं नक्की. मामींची चाल कुठली होती, हे मामांना एकदा गुणगुणायला लावून बघावं म्हणते.