पायरी आणि आपली समीक्षा

मराठी भाषेने माणसाची प्रतिष्ठा पायरीने मोजली आहे. 'आपली पायरी ओळखून राहा', 'पायरी सोडून बोलू नकोस', 'त्याला त्याची पायरी दाखवा' हे शब्दप्रयोग आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर ऐकले. पंढरपूरच्या महाद्वाराशी नामदेवाची पायरी आहे आणि चोखोबाची समाधी त्या पायरीसमोर, बाहेर आहे. जिवंतपणी ज्याला आत घेतले नाही, त्याला मरणानंतरही बाहेरच ठेवले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो याच पायरीवरून. दलित साहित्याने आणि दलित समीक्षेने पायरीचा सामाजिक अर्थ पुरेपूर वाचला आहे. मला या लेखात विचारायचे आहे ते एवढेच, की पायरीचा अर्थ वाचणाऱ्या आपल्याला पायरीचा दगड का दिसला नाही?

१

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. मी तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. वडील सालगडी होते. घरातला पहिला पदवीधर मी. काही वर्षांपूर्वी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला आमच्याच वस्तीसारख्या एका वस्तीतला मुलगा आला. आईबाप ऊसतोडीला जाणारे. लहानपणी फडावर उसाच्या ट्रॉलीखाली त्याचे पाय चेंगरले होते. तो दोन कुबड्यांवर चाले. आमचा वर्ग वरच्या मजल्यावर भरे. मध्ये बावीस पायऱ्या. त्या त्याने पहिल्याच दिवशी मोजल्या होत्या. मी त्या नऊ वर्षे चढत होतो आणि मोजल्या नव्हत्या.

सुरुवातीला मित्र त्याला पाठुंगळी मारून वर आणत. आम्हा प्राध्यापकांना त्याचे मोठे कौतुक. दोन महिन्यांनी तो येईनासा झाला. एकदा स्टँडवर भेटला तेव्हा मी विचारले. तो म्हणाला, "सर, रोज रोज पोरांना किती सांगायचं? लघवीला जायचं म्हटलं तरी कुणाला तरी उचल म्हणावं लागतं. म्हणून मी कॉलेजला यायच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नव्हतो."

त्याच पंधरवड्यात मी वर्गात चवदार तळ्याचा सत्याग्रह शिकवत होतो. पाण्याला हात लावण्याचा हक्क म्हणजे माणूस म्हणून जगण्याचा हक्क, हे फळ्याजवळ उभा राहून सांगत होतो. आणि माझ्याच वर्गातला एक दलित मुलगा वर्गात बसता यावे म्हणून तहानलेला राहत होता. त्याला पाणी पिऊ नकोस असे कोणीही म्हटलेले नव्हते. नव्या अटकावाची हीच खोड आहे. तो कोणाच्या तोंडून बोलत नाही, त्यामुळे कोणाला त्याचा जाबही विचारता येत नाही.

वर्ग खाली घ्या, अशी मागणी मी केली. 'एका मुलासाठी सगळे वेळापत्रक बदलायचे काय?' असे उत्तर मिळाले. मला राग आला. पण खरी गोष्ट अशी, की आमची स्टाफरूम तळमजल्यावर होती. आम्ही पायांनी धडधाकट माणसे खाली बसत होतो आणि त्याला वर बोलावत होतो. वर्गाची आणि स्टाफरूमची अदलाबदल करता येईल, हे मला सुचायला पाच महिने लागले. ती झाली तेव्हा त्याने परीक्षेचा अर्जच भरलेला नव्हता.

पुढे मूल्यांकन समिती येणार म्हणून दर्शनी दारात एक उतार बांधला गेला. चढत्या-उतरत्या वाटेला प्रमाण असते : उंची एक तर लांबी बारा. दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट लांबीचा उतार हवा. आमचा आठ फुटांचा आहे. त्यावरून चाकाची खुर्ची एकट्याने चढत नाही, मोटारसायकल मात्र झकास चढते. सध्या तो तिच्याच उपयोगी आहे.

२

ही एका कॉलेजची कथा नव्हे. एस. टी.मध्ये अपंगाला भाड्यात पंचाहत्तर टक्के सवलत आहे. पण गाडीची पहिली पायरी त्याला शंभर टक्के चढावी लागते. सवलत दिली की आपले काम संपले, अशी ही व्यवस्था आहे. तिच्या मागची दृष्टी मात्र फार जुनी आहे आणि आपल्याला चांगली परिचयाची आहे.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आंधळेपण, मुकेपण, बहिरेपण, देहाचे व्यंग ही पापांची फळे म्हणून सांगितली आहेत. काही या जन्मीच्या, काही मागच्या जन्मीच्या. नवव्या अध्यायात अशा माणसांना वडिलांच्या मिळकतीत वाटा नाकारला आहे आणि अन्नवस्त्र तेवढे द्यावे असे म्हटले आहे. वाटा नाही, अन्नवस्त्र. हक्क नाही, दया. जे तत्त्वज्ञान आपल्या जन्माला पूर्वसंचित चिकटवत होते, तेच अपंगाच्या देहालाही चिकटवत होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला तेव्हा हीही पाने जळली आहेत, याचे भान आपण ठेवले नाही. वारशातली ही बंदी १९२८ च्या कायद्याने बरीचशी सैल झाली. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले त्यामागे हिंदू कोडाचा प्रश्न होता. त्याच कोडातून पुढे आलेल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने रोग वा व्यंग या कारणाने वारसा नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. म्हणजे अपंगाच्या हक्काचा धागा आपल्या चळवळीत आहेच. आपण तो उचलला नाही, एवढेच.

शब्दांचेही तसेच. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी अपंगांना 'दिव्यांग' म्हणावे असे सुचवले आणि तो शब्द सरकारी झाला. महाराष्ट्रात २०२२ साली त्या नावाचा स्वतंत्र विभागही निघाला. आपल्याला 'हरिजन' शब्द ठाऊक आहे. १९३८ साली मुंबई विधिमंडळात त्या शब्दाचा प्रश्न आला तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचा पक्ष सभात्याग करून बाहेर पडले. ज्याला बरोबरीने वागवायचे नाही, त्याला देवाच्या नात्यातला करून टाकणे ही युक्ती आपण तेव्हाच ओळखली होती. दिव्य अंगाला उतार लागत नाही, संडासात धरायला दांडी लागत नाही. त्या माणसाच्या साध्या अंगाला लागते.

कायदा नाही असेही नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती नियम झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम २०१७ मध्ये झाले. मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की या नियमांतली सुगमतेची तरतूद नुसत्या शिफारशीसारखी आहे, ती कायद्याशी विसंगत आहे, बंधनकारक मानके करा. अस्पृश्यता कागदावर कधी संपली आणि पाणवठ्यावर कधी, यातले अंतर ज्यांनी भोगले, त्यांना याचे नवल वाटू नये.

शिवाय हा प्रश्न 'त्यांचा' आणि जातीचा 'आपला', अशी वाटणी करता येत नाही. २०११ च्या जनगणनेत अपंगांचे प्रमाण एकूण लोकसंख्येत २.२१ टक्के आणि अनुसूचित जातींत २.४५ टक्के आहे. अंगमेहनतीची, धोक्याची कामे कोणाच्या वाट्याला येतात आणि दवाखान्यात उशिरा कोण पोचते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

३

आता साहित्याकडे वळू. प्रस्थापित मराठी भाषेतल्या अपंगत्वाविषयी मी फार लिहीत नाही. आंधळ्याच्या दळणावर आणि वासरांतल्या लंगड्या गायीवर म्हणी करणारी ती भाषा आहे. पण आपले काय? आपल्या कवितेत न्याय आंधळा असतो, सरकार बहिरे असते, लोकशाही पांगळी असते, समाज षंढ असतो. जे जे निंद्य, त्याला आपण अपंगाचा देह दिला. मूकनायकातला 'मूक' वेगळा होता. ज्यांचा आवाज दाबला गेला, त्यांच्या बाजूने तो शब्द उभा होता. आपण मात्र तोच देह शिवीसारखा वापरला. जातीचे नाव शिवी म्हणून वापरलेले आपल्याला चालत नाही. ते चालू नयेच. मग हे कसे चालते?

आत्मकथनांचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४) यांनी मराठी वाचकाला जागा वाचायला शिकवले : कोण कुठे बसतो, कोणाचा पेला कुठे असतो, वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला असते. अपंगाचे दैनंदिन जीवन वाचायलाही हीच नजर हवी. ती आपल्याकडे आहे. तरीही नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मला आमच्या ग्रंथालयात 'प्रेरणादायी' पुस्तकांच्या कप्प्यात सापडले. प्रेरणादायी म्हटले की वाचकाने डोळे पुसायचे आणि इमारत तशीच ठेवायची. आपल्या आत्मकथनांना कोणी नुसते 'धक्कादायक' म्हणून बाजूला सारले तेव्हा आपण संतापलो होतो. या आत्मकथनाला आपल्या समीक्षेने कोणता वेगळा न्याय दिला?

४

१९२० साली 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. प्रत्येक जात म्हणजे एक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडी नाही. पुढच्या शंभर वर्षांत आपण शिडी केली. शिक्षण ही शिडी, राखीव जागा ही शिडी. मी त्याच शिडीने वर आलो. पण ज्याला शिडी चढता येत नाही, त्याच्या लेखी ती शिडीही भिंतच आहे, हे मला माझ्या विद्यार्थ्याने शिकवले. त्याची किंमत त्याने मोजली, मी नाही.

आमच्या वस्तीतले विहार वर्गणीतून उभे राहिले. मीही वर्गणी दिली. गावातल्या देवळापेक्षा जोते उंच हवे, असा तरुणांचा आग्रह होता आणि त्यामागची भावना मला समजते. पाच पायऱ्या झाल्या. बाबासाहेबांचा पुतळा त्याहून उंच चौथऱ्यावर, वर जायला लोखंडी जिना. १४ एप्रिलला आम्ही एकामागून एक वर चढून हार घालतो. गेल्या जयंतीला कुबड्यांवरची एक वयस्क बाई खाली उभी होती. तिने हार शेजारच्या मुलाच्या हातात दिला आणि खालूनच हात जोडले. कोणी तिला अडवले नव्हते. आमच्यापैकी कोणाला त्यात काही वावगेही वाटले नाही.

आपल्या संमेलनांची व्यासपीठे, आपली वाचनालये, आपली विहारे यांच्याविषयी हा प्रश्न विचारणे हे समीक्षेचे काम नाही, असे कोणी म्हणेल. माझ्या मते ते समीक्षेचेच काम आहे. साहित्याला माणुसकीचे मूल्य लावायचे आणि ज्या सभागृहात ते लावायचे त्याच्या दारातले दगड बघायचे नाहीत, ही समीक्षा अर्धी आहे. आमच्या विहाराला उतार करावा म्हणून मी पंचमंडळीपुढे अर्ज ठेवला आहे. साठ फूट लांबी लागेल, एवढी जागा नाही, असे म्हणतात. वळण घेऊन उतार करता येतो. येत्या जयंतीच्या आत तो झाला नाही, तर हार घालायला मीही खालीच उभा राहणार आहे.