निवृत्तिनाथ : गुरुपदाआडचा वडीलभाऊ

संतवाङ्मयाच्या चर्चेत निवृत्तिनाथांचा उल्लेख बहुधा ज्ञानदेवांचे गुरू म्हणूनच येतो. गहिनीनाथांकडून लाभलेला नाथपंथाचा वारसा त्यांनी धाकट्या भावास दिला आणि त्यांच्याच प्रेरणेने शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, एवढे सांगून अभ्यासक पुढे जातात. गुरुपदाच्या या तेजात एक साधी गोष्ट झाकोळते. हा गुरू त्या घरातला अविवाहित वडीलभाऊ होता आणि तीन पोरक्या भावंडांचे पालकत्व त्याच्यावर अवचित येऊन पडले होते.

परंपरेनुसार निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५ चा, मुक्ताबाईंचा १२०१ चा. अंतर अवघे सहा वर्षांचे. संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतलेल्या विठ्ठलपंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगण्यात आले आणि मुले उघड्यावर पडली. वाळीत टाकलेल्या त्या घराला मांडे भाजण्यासाठी खापरही मिळू दिले गेले नाही, ही कथा आपण चमत्कारासाठी ऐकतो; त्यातली चुलीपुढची लहानगी बहीण मात्र नजरेआड होते.

या पालकत्वाचे स्वरूप कसे होते, याचा पुरावा मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांत सापडतो. दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूत घरातले शेंडेफळ काढते, तेही अधिकारवाणीने. धाकात वाढलेल्या मुलीच्या तोंडी अशी भाषा येत नाही.

शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली. त्या प्रसंगावरील नामदेवांच्या नावे असलेल्या अभंगांत निवृत्तिनाथांचा बांध फुटतो. तळ्याचा पाट फुटावा, पेंढीचा बंध सुटून गवत रानभर व्हावे, तशी त्यांची अवस्था होते. मायबाप गेले तेव्हाही असे संकट वाटले नव्हते, असा त्यांचा आक्रोश आहे. ज्ञानी पुरुषास शोक कसा, असा आक्षेप येथे घेतला जातो आणि हा केवळ लौकिकाचा देखावा, असे समाधानही केले जाते. ते मला पटत नाही. त्याच अभंगात हरिणीवाचून दाही दिशा भटकणाऱ्या पाडसांची प्रतिमा आहे. ज्याने सांभाळले, तोच आज पाडस झाला आहे! भावंडांना आधार देता देता तोही त्यांच्याच आधाराने जगत होता, हे मर्म कवीने नेमके टिपले आहे. पुढे काही महिन्यांतच सोपानदेव व मुक्ताबाईही गेल्या आणि शके १२१९ मध्ये, सर्वांच्या शेवटी, थोरल्याने त्र्यंबकेश्वरी देह ठेवला.

तिगाव-पांढुर्ण्याकडील आपल्या जुन्या घराण्यांच्या वंशावळी चाळल्या, तर पुतण्या-भाच्यांना वाढवणाऱ्या अविवाहित पुरुषाच्या नावाखाली रेघ ओढलेली नसते. वंश तेथे संपला, असे मानले जाते. नामदेवांचा अभंग वाचल्यावर ही रिकामी जागा खटकू लागते. ती भरण्याचे काम कुळवृत्तान्त लिहिणाऱ्यांनी आता तरी करावे.