परक्याचा अधिकार : ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ आणि वंशभानाचा प्रश्न

परक्या समाजाविषयी लिहिणाऱ्या लेखकाच्या अधिकाराचा प्रश्न मराठी समीक्षेत प्रामुख्याने दलित साहित्याच्या निमित्ताने चर्चिला गेला. स्वानुभव आणि सहानुभूती या दोन संकल्पनांभोवती ही चर्चा फिरत राहिली आणि तिला मोठा आधार मिळाला तो अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरच्या नावातच हे नाते नोंदले गेले आहे. जनार्दन वाघमारे यांच्या लेखनाने त्या साहित्याचा परिचय मराठी वाचकाला करून दिला. जात आणि वंश यांची ही तुलना फलदायी ठरली, यात शंका नाही. मात्र तिच्यातून एक गृहीतकही रूढ झाले : ज्याने पीडा भोगली त्याला दुसऱ्या पीडिताचे मन आपोआप कळते आणि ज्याने ती भोगली नाही त्याच्यापाशी केवळ करुणा उरते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाविषयीचे मराठी लेखन वाचू लागताच हे गृहीतक अपुरे पडते.

ते अपुरे का पडते, हे त्याच कृष्णवर्णीय साहित्यातील दोन स्वदेशत्यागी लेखकांकडे पाहिले असता स्पष्ट होते. रिचर्ड राइट १९४७ मध्ये अमेरिका सोडून पॅरिसला स्थायिक झाला. १९५३ मध्ये तो गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला गेला आणि पुढच्याच वर्षी त्या प्रवासावरील ‘ब्लॅक पॉवर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. वर्ण समान असूनही तेथील जीवन आपल्याला परकेच राहते, हा अनुभव त्या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे. इतकेच नव्हे, तर अखेरीस एन्क्रुमाला लिहिलेल्या पत्रात राइट आफ्रिकी जीवनाला लष्करी शिस्त लावण्याचा सल्ला देतो. वंशभेदाचे चटके सोसलेला हा लेखक उपाय सुचविताना मात्र आधुनिक पाश्चात्त्य माणसाच्या भूमिकेवरून बोलतो. समान पीडेने समान दृष्टी मिळत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

जेम्स बाल्डविनचा १९५३ मधील ‘स्ट्रेंजर इन द व्हिलेज’ हा निबंध नेमक्या विरुद्ध दिशेने जातो. कृष्णवर्णीय मनुष्य यापूर्वी कधी न पाहिलेल्या एका स्विस खेड्यात बाल्डविन राहतो. गावकऱ्यांच्या कुतूहलात द्वेष नाही. परंतु त्या कुतूहलात त्याला माणूस म्हणून स्थानही नाही. बाल्डविन गावकऱ्यांचे अंतरंग उलगडण्याच्या फंदात पडत नाही. त्यांच्या निरागसपणामागे कोणता इतिहास उभा आहे, याचा तो शोध घेतो. परक्याचा खरा अधिकार येथे सापडतो. दुसऱ्याच्या वतीने बोलण्यापेक्षा स्वतः आणि दुसरा यांच्यातील संबंध उघडा करण्यात तो असतो.

या निकषावर विलास मनोहर यांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या कादंबरीचा विचार करता येतो. पुण्याहून हेमलकशाला आलेले मनोहर १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात, माडिया गोंडांच्या सान्निध्यात दीर्घकाळ राहिले. तेथील वन्य प्राण्यांच्या संगोपनाविषयीचे त्यांचे ‘नेगल’ मराठी वाचकाने प्रेमाने स्वीकारले. त्या पुस्तकात लेखकाने बिबट्याच्या वतीने बोलावे, यात कोणतीही नैतिक अडचण नाही. बिबट्या प्रत्युत्तर देऊ शकत नाही. माणसाविषयीच्या कादंबरीत ही सोय उरत नाही. माडिया माणसाला स्वतःची भाषा आहे. या भाषेला लिपी नसली तरी स्मृती आहे, गीते आहेत, न्यायाच्या कल्पना आहेत. अशा माणसाची कथा शासनाच्या भाषेत, म्हणजे मराठीत सांगणे हीच या कादंबरीची मूळ अडचण होय आणि तिच्या सामर्थ्याचे मूळही तेथेच आहे.

ही अडचण शीर्षकापासून सुरू होते. ‘जन्म’ हा शब्द उपरोधाने योजलेला आहे, कारण नक्षलवादी जन्मत नाही, तो घडविला जातो, हेच कादंबरीचे प्रतिपादन आहे. ‘एका’ या शब्दाने वृत्तपत्रातील अनेकवचनी बातमीतून एक माणूस वेगळा काढला जातो. राहिला ‘नक्षलवादी’ हा शब्द. तो १९६७ च्या उठावामुळे, बंगालमधील एका खेड्याच्या नावावरून आलेला; ज्या माणसाला तो चिकटतो त्याने ते खेडे पाहिलेले नसते. १९८० मध्ये ही चळवळ आंध्रातून सिरोंचामार्गे या प्रदेशात उतरली, तेव्हा तिचे नेतृत्वही बव्हंशी तेलुगूभाषक होते. ‘गोंड’ हे नावदेखील इतरांनी दिलेले. हे लोक स्वतःला ‘कोइतूर’ म्हणवतात. वंशशास्त्राच्या प्रभावाखाली वासाहतिक अभ्यासकांनी केलेले वर्गीकरण, वनखात्याने लावलेला ‘अतिक्रमक’ हा शिक्का आणि अखेर ‘नक्षलवादी’ : एकाच माणसाला बाहेरून मिळत गेलेल्या नावांची ही मालिका आहे. शीर्षकातील जन्म हा वस्तुतः नामकरणाचा विधी आहे आणि त्याला ज्याचे नामकरण होते त्याची संमती नाही.

येथे वंशभानाचा प्रश्न वर्णाच्या किंवा अस्पृश्यतेच्या रूपात येत नाही. तो कायद्याच्या आणि भाषेच्या रूपात येतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनातील फिरती शेती, लाकूडतोड, गुरेचराई या जगण्याच्या साध्या कृती गुन्ह्याच्या कक्षेत आणल्या. कायदा ज्या भाषेत आहे ती भाषा माडियाला येत नाही आणि ज्याला ती येते तो वनरक्षक, पोलीस किंवा व्यापारी या अज्ञानावर आपला संसार उभा करतो. या पिळवणुकीच्या चित्रणात मनोहरांची कादंबरी विशेष प्रभावी ठरते, कारण तेथे परीक्षेला उभा राहतो तो माडिया नव्हे, मराठी बोलणारा शासनव्यवहार. मराठी वाचकाला आपलीच भाषा धाक, दंड आणि पावती यांची भाषा म्हणून ऐकू येते. बाल्डविनने स्विस खेड्याच्या निरागसपणाचे जे केले, तेच येथे पुण्या-मुंबईच्या निरागसपणाचे होते.

तथापि याच प्रतिपादनात कादंबरीची मर्यादाही दडलेली आहे. अन्यायाची कार्यकारणसाखळी जितकी अभेद्य, तितका नायक त्या साखळीचा निव्वळ परिणाम ठरण्याचा धोका अधिक. पीडित निरपराध आहे हे सिद्ध करण्याच्या प्रयत्नात त्याचा निर्णय त्याच्याकडून काढून घेतला जातो. माडिया समाजाने एखादा निर्णय स्वतःच्या विचाराने घेतला असेल, तो चुकला असेल, त्याविषयी त्या समाजात वाद झाले असतील, ही शक्यता अशा रचनेत क्षीण होते. राइट सल्ला देऊन दुसऱ्याच्या कर्तेपणावर अतिक्रमण करतो; येथे ते कर्तेपण करुणेमुळे झाकोळते. फलनिष्पत्ती फारशी वेगळी नाही.

ही उणीव एकट्या लेखकाची नव्हे. ती वाचकाच्या अपेक्षेचीही आहे. याच प्रदेशात, भद्रावती येथे १९७९ मध्ये पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. विनायक तुमराम यांचा ‘गोंडवन पेटले आहे’ हा कवितासंग्रह १९८७ मध्ये आला. म्हणजे प्रत्युत्तर देणारा आवाज अस्तित्वात होता, मराठीतच होता. परंतु शहरी वाचकाने अरण्याचे दुःख बहुधा मध्यस्थाकरवीच जाणून घेणे पसंत केले, कारण मध्यस्थाच्या कथनात वाचकाला अपराधी वाटले तरी त्याला कोणी थेट जाब विचारत नाही. तुमरामांची कविता मात्र ‘आम्ही’ म्हणून बोलते आणि त्या ‘आम्ही’समोर वाचक ‘तुम्ही’ होतो.

पुढे २००६ च्या वनाधिकार कायद्याच्या उद्देशिकेत आदिवासींवरील ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली गेली आणि २००९ मध्ये गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. मेंढ्यातील गोंडांनी हा हक्क ग्रामसभेत बसून, अभ्यास करून, वाद घालून मिळविला. मनोहरांच्या कादंबरीला ज्याची कल्पना करता आली नाही ते कर्तेपण ते हेच. म्हणून या कादंबरीचे मोल कमी होत नाही. ते अधिक नेमके होते. माडिया मन तिने उलगडले हा तिचा गौरव अस्थानी आहे. मराठी भाषेला तिच्या सत्तेची जाणीव करून देणारी कादंबरी म्हणून ती महत्त्वाची ठरते. माडियांचे मन माडियांनी उलगडावयाचे आहे, आणि ते मराठीत उलगडावे की स्वभाषेत, हा निर्णयही त्यांचाच असावयास हवा.