निवडलेलं दारिद्र्य आणि वाट्याला आलेलं दारिद्र्य

त्यागाचं मोल कशावर ठरतं, हा प्रश्न आज आपण एका वास्तूच्या आधारे पाहू. कोलकात्यात आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्यावर मदर हाऊस आहे. मदर तेरेसा १९५३ पासून १९९७ मध्ये निधन होईपर्यंत तिथं राहिल्या. तळमजल्यावर त्यांची समाधी, लहानसं संग्रहालय, आणि वर, स्वयंपाकघराच्या माथ्यावर, त्यांची उकाड्याची खोली. संग्रहालयात झिजलेल्या चपला आहेत, जेवायचा जुना इनॅमलचा वाडगा आहे. माणूस आपोआप हात जोडतो. त्यात गैर काही नाही.

पण हा वाडगा नेमकं काय सिद्ध करतो? या बाईंनी दारिद्र्य स्वतः निवडलं, एवढंच. १९५२ साली कालीघाटला निर्मल हृदय सुरू झालं. तिथं आणलेल्या मरणासन्न माणसांनी मात्र काहीच निवडलं नव्हतं. दारिद्र्य त्यांच्या वाट्याला आलं होतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात; नीतीच्या दृष्टीनं त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

१९९४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी निर्मल हृदयविषयी लिहिलं. तिथली स्वच्छता, जखमांची निगा, माया यांची त्यांनी दखल घेतली. पण तीव्र वेदनाशामक औषधं तिथं नाहीत, याची खंतही नोंदवली. आता बघा, दुःख सोसण्यात ख्रिस्ताच्या यातनांचा वाटा उचलला जातो, अशी मदर तेरेसांची श्रद्धा. स्वतःपुरती ती थोरच. पण दुसऱ्याच्या वेदनेचा अर्थ आपण कसा ठरवणार? तो हक्क त्या रुग्णाचा.

कुणी म्हणेल, रस्त्यावरून त्यांना उचलणारं तरी दुसरं कोण होतं? बरोबर आहे, आणि हे ऋण आम्ही मानतो. पण उचलणाऱ्याचं मोठेपण म्हणजे उपचारांचं प्रमाणपत्र नव्हे.

संतचरित्राच्या संग्रहालयाचा धोका आम्हांला इथंच दिसतो. संताच्या वस्तूंपुढे नतमस्तक होता होता आपण सोसण्यालाच पूज्य मानू लागतो. म्हणून आमची सूचना साधी आहे: त्या वाडग्याशेजारी निर्मल हृदयातल्या तेव्हाच्या औषधांची यादीही मांडावी. २०१६ मध्ये मिळालेलं संतपद त्यानं उणावणार नाही. येणारा माणूस हात जोडेल, आणि त्या खाटांवरच्या माणसांचाही विचार करील.